सोमवारच्या चौकोनातलं ‘मी’

“पुन्हा?”

सिस्टरचा एक बूट पायात होता, एक हातात, आणि शाळेचा कागद नाकासमोर. नाईटला निघायला दहा मिनिटं उरली होती.

“‘सोमवारी पाण्याच्या टाक्या धुण्याचे काम असल्याने शाळा बंद राहील,’” तिनं वाचून दाखवलं. “टाक्या धुवायला सोमवारच सापडला? रविवारी काय धाड भरते?”

“रविवारी टाकी धुणाऱ्याला सुट्टी असते,” डिग्री म्हणाला.

“वा! त्याची सुट्टी मोडू नये म्हणून आपल्याला सुट्टी.”

“आपल्याला कुठली? बटणला.”

बटण खाली फरशीवर पोटावर पडून चित्र काढत होती. नाव निघालं तरी तिनं मान वर केली नाही. पेन्सिल मात्र थांबली.

डिग्री म्हणजे या घरातला बाप. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायचा. गिऱ्हाईकाचा नंबर तिरका असेल तर काच फ्रेममध्ये नेमक्या तितक्याच डिग्रीत बसवावी लागते. पाच डिग्री इकडेतिकडे झाली की माणसाला जिना लाटेसारखा दिसतो. हा पठ्ठ्या नुसत्या डोळ्यानं सांगायचा, ‘दोन डिग्री हललीय.’ म्हणून मालकानं नाव ठेवलं डिग्री. गंमत अशी की त्याच्याकडे कागदावरची डिग्री एकही नव्हती. दहावीच्या आधीच शाळेनं त्याला आणि त्यानं शाळेला सोडलं होतं, आणि दोघांनाही त्याचं फारसं वाईट वाटलं नव्हतं.

आईला सगळं जग सिस्टर म्हणायचं. वॉर्ड म्हणायचा, बिल्डिंग म्हणायची, दूधवाला म्हणायचा, शेवटी नवराही म्हणायला लागला. आणि बटण म्हणजे त्यांची आठ वर्षांची पोरगी. दाबलं की चालू. बंद कुठून करायचं ते अजून कुणाला सापडलेलं नव्हतं.

शाळेच्या मोठ्या सुट्टीचं सोपं असतं. बटणला मावशीकडे पोचवायचं, महिनाभर तिनं मावशीचं डोकं खायचं, संपलं. त्रास असतो तो मधेच टपकणाऱ्या सुट्ट्यांचा. एक मंगळवार, एक शुक्रवार, आता हा सोमवार. एका दिवसासाठी मावशीकडे पाठवता येत नाही, आणि एका दिवसासाठी कुणी बाई ठेवून मिळत नाही. घरात या सुट्ट्यांना नाव होतं ‘फुटकळ’. मंगळवारच्या फुटकळला मास्तरांनाच काहीतरी शिकवायचं होतं, म्हणून मुलांना घरी पाठवलं. शुक्रवारच्या फुटकळला भिंतींना रंग. त्याच्या आधी एकदा तर नुसतंच लिहिलं होतं, ‘काही अपरिहार्य कारणास्तव’.

“अपरिहार्य म्हणजे काय?” बटणनं विचारलं होतं.

“म्हणजे सांगायला लाज वाटते ते,” डिग्रीनं सांगितलं होतं. बटणनं ते दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, आणि डिग्रीला शाळेत जाऊन यावं लागलं.

“या वेळी तू घे,” आता सिस्टर म्हणाली.

“मी? मंगळवार मी घेतला. शुक्रवार मी घेतला. मालक म्हणतो, तू शाळेत कामाला आहेस का दुकानात?”

“आणि मी? त्याच्या आधीच्या तिन्ही? नाईट करून आले आणि दिवसभर हिच्यासमोर डोळे उघडे ठेवून बसले. भूत झालं होतं माझं. सलाईनची बाटली दिसायची भिंतीवर.”

“मला रजा नाही उरली.”

“मला झोप नाही उरली.”

“मग काय, टाकीत ठेवायचं हिला? धुवून तरी निघेल.”

हे खरं म्हणजे हसायचं वाक्य होतं. पण कुणी हसलं नाही. सिस्टरनं दुसरा बूट इतक्या जोरात ओढला की नाडीच तुटली. तिनं उरलेल्या तुकड्याची गाठ मारली, पर्स उचलली.

“बघू,” ती म्हणाली. “ज्याचं ठरेल त्यानं लिहायचं.”

“लिहू,” तो म्हणाला.

दार लागलं. बटण पुन्हा चित्र काढायला लागली.

लिहायचं कुठं, तर स्वयंपाकघराच्या दारामागच्या कॅलेंडरवर. फुटकळच्या दिवशी जो घरी राहणार, त्यानं त्या चौकोनात ‘मी’ लिहायचं. एवढंच. नाव नाही, गाव नाही. लग्न झालं तेव्हापासून ही पद्धत होती. दूध कोण आणणार, मी. बिल कोण भरणार, मी. एकाची दिवसपाळी, एकाची रात्रपाळी, समोरासमोर येणार कधी, तेव्हा भिंतीवर बोलायचं. आणि ही पद्धत कधी म्हणजे कधी चुकली नव्हती. चुकणार कशी? चौकोनात ‘मी’ दिसलं आणि आपण लिहिलेलं नसलं, तर ते दुसऱ्यानं लिहिलेलं असणार. अक्षर बघायचीसुद्धा गरज नाही. दोघांच्या घरात याच्याइतकं पक्कं काहीच नसतं.

शनिवारी डिग्री कामावरून आला, पाणी प्यायला आत गेला, आणि दारामागे बघतो तर सोमवारच्या चौकोनात ‘मी’.

त्याला एकदम कसंतरी झालं. बिचारी. सलग नाईट चालू आहे आणि तरी तिनंच घेतला. आपण उगाच तडतड केली. तो तसाच उलट्या पावली खाली गेला, बुटांच्या नाड्यांची नवी जोडी घेऊन आला, आणि तिचे पांढरे बूट पुसून, घासून, नाड्या घालून दाराशी ठेवून दिले. बोलला काही नाही. बोललं असतं तर पुन्हा कोणी किती सुट्ट्या घेतल्या ते निघालं असतं.

रविवारी सिस्टर दुपारी उठली. स्वयंपाकघरात गेली. तिलाही दिसलं. ‘मी’. तिलाही कसंतरी झालं. रजा उरली नाही म्हणत होता, आता मालकाच्या शिव्या खाणार. तिनं त्याचे पाच शर्ट काढले आणि एका दमात पाचही इस्त्री करून टाकले. कॉलरसकट. एरवी ती फक्त समोरची बाजू करायची.

रविवारी चष्म्याच्या दुकानात गर्दी असते, त्यामुळे डिग्री घरी आला संध्याकाळी सातला. इस्त्रीचे शर्ट बघितले. ती नव्या नाड्यांचे बूट घालून निघायच्या तयारीत होती. दोघं एकमेकांकडे बघून उगाच हसले.

“सोमवारचं बघितलं मी,” तो म्हणाला.

“मीपण बघितलं,” ती म्हणाली.

“बरं वाटलं.”

“मलाही.”

एवढंच बोलणं. दोघांनाही वाटलं, आपला माणूस चांगला आहे, उगाच आपण फाडफाड बोलतो. बटण कोपऱ्यात वहीत डोकं खुपसून बसली होती. एकदम गप्प. इतकी गप्प, की खरं तर तिथंच दोघांना शंका यायला हवी होती.

सोमवारी सकाळी पावणेआठला डिग्री निघाला. बटण झोपली होती. तिच्या डोक्याशी दुधाचा पेला झाकून ठेवला, आणि दार ओढून घेतलं. साडेआठला सिस्टर यायची. मधला पाऊण तास बटण एकटी असायची, पण झोपलेली असायची, आणि सिस्टरच्या फुटकळला इतकं चालायचं. चालवून घ्यायचे.

दुकानात पोचल्यावर त्यानं फोन खणात टाकला. मागच्या खोलीत चाकावर सतत पाणी पडतं, काचेचं पीठ उडतं, तिथं फोन नेला की मेलाच. दोन चष्मे झाले, तिसरा झाला. एका आजोबांची जाड काच होती, तीन वेळा घासून पुन्हा धरून बघावी लागली. मनातून गडी खूश होता. इस्त्रीचा शर्ट अंगावर होता, कॉलर मानेला टोचत होती, तेसुद्धा छान वाटत होतं. साडेअकराला चहा आला तेव्हा त्यानं हात पुसले आणि खणातून फोन काढला.

सात पन्नासला आलेला मेसेज होता. सिस्टरचा.

‘सकाळची सिस्टर आली नाही. डबल करतेय. अडीचपर्यंत येते. तुम्ही दोघं खाऊन घ्या.’

त्यानं एकदा वाचलं. मग पुन्हा वाचलं. डबल केली, ठीक. अडीच, ठीक. ‘तुम्ही दोघं’.

तुम्ही दोघं?

चहाचा कप कुठं ठेवला ते त्याला कळलं नाही. कप पडला. त्यानं तिला फोन लावला, वाजून वाजून थांबला. वॉर्डात फोन नेत नाहीत, लॉकरमध्ये असतो. मग वॉर्डाचा नंबर लावला. वॉर्डातल्या मावशीनं उचलला.

“मावशी, सिस्टरला बोलवा!”

“कुठल्या सिस्टरला? इथं सगळ्या सिस्टरच आहेत.”

“माझी! म्हणजे माझी बायको! तिला सांगा बटण एकटं आहे!”

“कुठलं बटण?”

“आमचं बटण हो!”

“अहो, बटण तुटलं असेल तर लावा ना दोन टाके. त्याच्यासाठी ड्रेसिंग सोडून येतंय का कुणी?”

“बटण म्हणजे माझी पोरगी आहे!” डिग्री इतका ओरडला की बाहेर काउंटरवर आरशात चष्मा घालून बघणारी बाई दचकली. पलीकडे धावण्याचा आवाज आला, आणि मग सिस्टरचा.

“काय झालं? पडली का? किती लागलं?”

“तू वॉर्डात काय करतेयस?”

“मेसेज केला ना, डबल. तू कुठून बोलतोयस?”

“दुकानातून.”

पलीकडे वॉर्डात कुणीतरी खोकत होतं तेवढं ऐकू आलं.

“मग घरी कोण आहे?” सिस्टर म्हणाली. एकदम हळू. तिचा आवाज इतका हळू डिग्रीनं आजवर ऐकला नव्हता.

त्यानं फोन खिशात कोंबला आणि निघाला.

“अरे डिग्री!” मालक मागून ओरडला. “मशीन चालू आहे! आजोबांची काच कोण बघणार?”

“तुम्ही बघा!”

“मी? मला वीस वर्षं झाली काच घासून!”

“मग आज घासा!”

रस्त्यावर आल्यावर बस समोरून गेली. त्यानं तिच्या मागे धावून बघितलं, मग बसचा नाद सोडून नुसताच धावला. माणूस धावत असला की डोकंपण धावतं, आणि ते कधीच चांगल्या दिशेला धावत नाही. गॅस. खिडकीतलं स्टूल. न्हाणीघराची ओली फरशी. ती कडी उघडून खाली गेली असेल तर? खाली गाड्या वळतात, वळताना मागे बघत नाहीत. चार तास. पावणेआठ ते पावणेबारा, चार तास. चार तासांत तो स्वतः लहानपणी काय काय करून मोकळा व्हायचा ते त्याला आठवलं, आणि तो अजून जोरात धावला. एका चौकात सायकलवाल्याला धडकला. सायकलवाल्यानं आईवरून शिवी दिली. एरवी डिग्रीनं त्याची कॉलर धरली असती. आज “हो, हो” म्हणत पुढे गेला.

बिल्डिंगच्या फाटकाशी तो एका बाजूनं पोचला आणि सिस्टर दुसऱ्या बाजूनं, रिक्षातून उडी मारून. पांढरा युनिफॉर्म, हातात अजून एक रबरी मोजा. चार मजले. दोघं एकदमच जिन्यात घुसले.

“तू लिहिलं होतंस ना!” पहिल्या मजल्यावर सिस्टर म्हणाली.

“मी? तू लिहिलंस!”

“मी कशाला लिहू? मी बघितलं तेव्हा होतं!”

“मी बघितलं तेव्हापण होतं!”

“खोटं बोलू नकोस!”

“बूट कशाला पुसले मग मी तुझे?”

“आणि मी शर्ट कशाला केले? हौस होती?”

दुसरा मजला.

“मी नाही लिहिलं,” तो धापा टाकत म्हणाला. “शपथ.”

“मीपण नाही लिहिलं.”

“तू नाही, मी नाही, तर भिंतीनं लिहिलं?”

तिसऱ्या मजल्यावरच्या वळणावर दोघांचे पाय एकदम थांबले. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग उरलेल्या पायऱ्या दोन-दोन करत चढले.

डिग्रीनं किल्ली फिरवली. दार हललं नाही. आतून कडी होती. त्यानं दोन्ही हातांनी दार वाजवलं.

“कोण?” आतून आवाज आला. ठणठणीत.

सिस्टरनं जिन्याचा कठडा धरला आणि खालच्या पायरीवर बसून घेतलं.

“मी!” डिग्री ओरडला.

“मी कोण?”

“अगं मी!”

“मी तर आत आहे,” बटण म्हणाली.

“बाबा आहे! दार उघड!”

“बाबा दुकानात आहे. आज त्याची पाळी नाही.”

“बटण, आई आहे गं,” सिस्टर पायरीवरूनच म्हणाली.

“आई दवाखान्यात आहे.” पण आता आवाज जरा डळमळला. “खरंच आई-बाबा असाल तर सांगा, माझा कुठला दात पडलाय?”

“वरचा!” डिग्री.

“खालचा, डावीकडचा,” सिस्टर. “आणि त्याच्या शेजारचा हलतोय.”

“आई पास,” आतून आवाज आला. “बाबा नापास.” आणि कडी निघाली.

दारात बटण उभी होती. अंगात शाळेचा नव्हे, बाहेर जायचा फ्रॉक. दोन वेण्या घातलेल्या. एक कानाच्या वरून निघालेली, एक मानेपासून. हातात झाडू.

सिस्टर आत घुसली ती आधी आई म्हणून नाही, नर्स म्हणूनच घुसली. दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले, कपाळ बघितलं, गुडघे बघितले, पापणी खाली ओढून बघितली. मग गॅसची खुंटी बघितली. मग न्हाणीघर. मग परत येऊन तिनं हात उगारला. तो हात हवेत तसाच राहिला, आणि त्याच हातानं तिनं बटणला जवळ ओढलं. इतकं घट्ट की बटण म्हणाली, “आई, तुझं पेन टोचतंय.”

“कुणी सांगितलं होतं तुला?” डिग्री सुरू झाला. आता भीती गेली होती आणि तिच्या जागी राग आला होता. “कुणी सांगितलं कॅलेंडरवर लिहायला? काही झालं असतं म्हणजे? गॅस लागला असता म्हणजे? अक्कल गहाण टाकलीय का?”

“थांब,” बटण म्हणाली. “आधी ओव्हर देते.”

“काय?”

ड्युटी संपली की पुढच्या सिस्टरला सगळं लिहून, सांगून द्यायचं, त्याला वॉर्डात ओव्हर देणं म्हणतात. सिस्टर कधीकधी घरीच ती वही पुरी करत बसायची, आणि बटण तिच्या खांद्यावरून वाचायची. आता तिनं आपली चित्रांची वही आणली, मागचं पान उघडलं, आणि वॉर्डात उभं राहतात तशी उभी राहून वाचायला लागली.

“आठ वाजता उठले. दूध थंड होतं, थंडच प्याले. गॅस पेटवला नाही. नऊ वाजता आई आली नाही. पाव खाल्ला. केस विंचरले, खूप वेळ लागला. दहा वाजता कुणीतरी बेल वाजवली. उघडलं नाही. दोनदा वाजवली. तरी नाही.”

ती थांबली. पुढची ओळ बोटानं झाकून धरली.

“पुढे?” सिस्टर म्हणाली.

“पुढे काही नाही. अकरा वाजता झाडून काढलं.”

सिस्टरनं तिचं बोट हळूच बाजूला केलं. खाली लिहिलं होतं, ‘साडेदहा. रडू आलं. दहा मिनिटं. मग थांबलं.’

डिग्रीचा राग तिथंच बसला. तो खुर्चीवर बसला आणि त्यानं विनाकारण घड्याळाकडे बघितलं.

“का लिहिलंस पण?” सिस्टरनं विचारलं.

“तुम्ही भांडत होता ना.”

“मग?”

“मग काय? बाबा म्हणतो रजा नाही, तू म्हणतेस झोप नाही. माझ्याकडे दोन्ही आहे.” बटण आता तापली. हळूहळू तापणं तिला ठाऊकच नव्हतं. “आणि सुट्टी माझी असते! शाळा माझी बंद असते! पण भांडता तुम्ही, लिहिता तुम्ही, मला कुणी विचारतसुद्धा नाही! घरात तिघं आहोत का नाही आपण?”

“आहोत,” डिग्री म्हणाला.

“मग मी का लिहायचं नाही?”

याला दोघांकडे उत्तरं हजार होती, पण त्यातलं एकही त्या झाडूवाल्या पोरीपुढे टिकणारं नव्हतं. डिग्रीला वाटलं, आपल्याला रडू येतंय. निघालं हसू.

“‘अहो, बटण तुटलं असेल तर टाके लावा,’” तो वॉर्डातल्या मावशीच्या आवाजात म्हणाला.

“हसू नकोस,” सिस्टर म्हणाली. “मला अजिबात हसायचं नाहीये.” आणि मग तीपण हसायला लागली, भिंतीला टेकून, डोळे पुसत. बटण दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली. मोठ्या माणसांचं काही खरं नाही, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

हसून झाल्यावर सिस्टर खाली बसली, बटणच्या उंचीला आली. “ऐक. तू सगळं नीट केलंस. दार उघडलं नाहीस, गॅसला हात लावला नाहीस. पण एकटं राहायचं ते आम्हाला माहीत असताना राहायचं. आम्हाला माहीत नसताना राहिलीस, ते चुकलं. कळलं?”

“कळलं.”

“आणि आमचंपण चुकलं. लिहून मोकळे होतो आम्ही. इथून पुढे तोंडानं बोलायचं. तिघांनी.”

“मग आत्ताच बोला,” बटण म्हणाली, आणि दप्तरातून एक चुरगळलेला कागद काढून तिच्या हातात दिला. “हे शाळेनं शुक्रवारीच दिलं होतं. मी दाखवलं नाही, कारण तुम्ही एकाच सुट्टीवर किती भांडता.”

सिस्टरनं कागद गुडघ्यावर सरळ केला. “‘पुढील गुरुवारी’,” तिनं वाचलं, आणि डोळे मिटले. “‘टाक्यांचे उर्वरित काम’.”

“टाक्या आहेत का समुद्र?” डिग्री म्हणाला.

“गुरुवारी मी घेते,” सिस्टर म्हणाली. “माझा नाईट ऑफ आहे.”

“कशाला? ऑफला झोप तू. मी दुकानात नेतो हिला. मालकाची आज जिरलीय, तो काही बोलणार नाही.”

“अरे पण तुझी रजा...”

“रजा नाही घेत, नेतो म्हणतोय ना!”

“पण मी आहे ना घरी!”

“आता उलटं भांडताय,” बटण म्हणाली. “दुपारपर्यंत दुकानात, मग आईकडे. संपलं.”

इतका वेळ हे कुणाला सुचलं नव्हतं.

सिस्टर वॉर्डात फोन करून इन्चार्जशी बोलली, आणि मग युनिफॉर्मसकट आडवी झाली. सोळा तास ती उभी होती. डिग्रीनं अंडी उकडली. दोघांनी कुजबुजत खाल्ली, कवच वाटीत टाकतानासुद्धा आवाज होऊ दिला नाही. दुकानातून मालकाचा फोन आला. आजोबांची काच त्यानं स्वतः घासली होती, चार डिग्री हलली होती, पण आजोबा म्हणाले चांगलं दिसतंय. “आजोबांना उद्या परत बोलवा,” डिग्री हळू आवाजात म्हणाला, आणि फोन ठेवला. खिडकीतून ऊन आत आलं होतं. बाप-लेक फरशीवर पालथे पडून चित्र काढत राहिले. डिग्रीनं घर काढलं, बटणनं त्याच्या खिडकीत माणसं.

सिस्टर पाचला उठली. तोंड धुतलं, कपडे बदलले, आणि सवयीनं कंगवा घेऊन पलंगाच्या कडेला येऊन बसली. फुटकळ सुट्टीच्या दिवशी, कितीही जागरण असलं तरी, बटणच्या वेण्या ती घालायची. शाळेच्या दिवशी सकाळी ती घरीच नसायची. डिग्री रबर लावून पाठवायचा. फुटकळला मात्र अर्धा तास, निवांत. बटण खाली बसायची, आईच्या दोन गुडघ्यांमध्ये, आणि वॉर्डातल्या सगळ्या गोष्टी त्या अर्ध्या तासात व्हायच्या.

तिनं गुडघे जरा बाजूला करून जागा केली.

बटण दाराशी वाकून सँडलचा पट्टा लावत होती. तिघं खाली पाव आणायला जाणार होते. तिनं वळून बघितलं, कंगवा बघितला.

“झाल्यात ना माझ्या,” ती म्हणाली.

“हो की,” सिस्टर म्हणाली.

“चांगल्या झाल्यात?”

“चांगल्या झाल्यात.”

“मागून पण?”

मागून भांग कपाळापासून निघून मधेच भरकटला होता, पार कानाकडे गेला होता, आणि मग कुणीतरी आठवण केल्यासारखा परत फिरला होता. बरेच केस कुठल्याच वेणीत नव्हते.

“मागून पण,” सिस्टर म्हणाली.

बटण खूश होऊन दार उघडून बाहेर गेली. जिन्यात तिच्या उड्यांचा आवाज आला. डिग्री पिशवी घेऊन दारात थांबला होता. सिस्टरनं तोच कंगवा स्वतःच्या केसांतून फिरवला, एकदा, दोनदा, आणि उठली.